भूगोल शिकवणाऱ्यांना खुलं पत्र: जुना पृथ्वीगोल रद्दीत देऊ नका

भूगोल शिकवणाऱ्या समस्त बाई आणि सरांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच. एकतीस वर्षं पाचवी ते दहावीला भूगोल शिकवला, आणि इतिहासाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचे तासही घेतले. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्त शिक्षिकेनं कार्यरत शिक्षकांना पत्र लिहिणं म्हणजे काय, याची मला कल्पना आहे. ‘आता बसल्या जागी सांगायला काय जातंय’ असं मीही म्हणत असे. तरी लिहिते आहे, कारण माझ्या हातून एक गुन्हा घडला होता आणि तो मला थेट अमेरिकेत, बॉस्टन शहरात, एका काचेच्या पुलावर उभी असताना आठवला.

आधी गुन्हा सांगते. सोव्हिएत संघ फुटला १९९१च्या डिसेंबरात. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत आमच्या शाळेत नवाकोरा पृथ्वीगोल आला. जुन्या गोलावर अर्थातच तो प्रचंड देश अजून एकाच रंगात पसरलेला. पॅसिफिकमध्ये त्याला एक पोचा होता, कुणाच्या तरी हातून पडल्याचा, आणि अक्षाचा स्क्रू ढिला असल्यानं साडेतेवीस अंशांचा कल कधी तीस व्हायचा, कधी दहा. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असल्यामुळे निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, ठराव झाला, आणि शेरा मी माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिला: ‘नकाशा कालबाह्य. अध्यापनास निरुपयोगी.’ गोल रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेला. मला तेव्हा जरासुद्धा वाईट वाटलं नाही, उलट कपाट मोकळं झाल्याचा आनंदच झाला.

आता बॉस्टन. लेकीकडे तीन महिने राहायला गेले होते. मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्यांना माहीत असतं की पहिल्या पंधरा दिवसांत हार्वर्ड होतं, एमआयटी होतं, नायगारा होतो, आणि मग ‘आईला आता कुठे न्यायचं’ असा प्रश्न घरात उभा राहतो. जावयांनी सुचवलं, ‘आई, तुम्ही भूगोलाच्या, एक गंमत दाखवतो.’ मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर ख्रिश्चन सायन्स या पंथाचं मोठं आवार आहे. चर्च, समोर लांबच लांब पाण्याचा हौद, आणि बाजूला पंथाच्या छापखान्याची जुनी भारदस्त इमारत. पंथाच्या संस्थापक मेरी बेकर एडी यांनी १९०८ साली सुरू केलेलं ‘ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’ हे वर्तमानपत्र या संस्थेचं. आता त्या इमारतीत त्यांच्याच नावाचं ग्रंथालय आहे. बाहेरून पाहिलं तर आत पृथ्वी असेल असं कुणाला स्वप्नातही वाटणार नाही. तिकीट काढायचं, गाईड येईपर्यंत थांबायचं, आणि दहा-पंधरा जणांच्या घोळक्यातून एका दारानं आत जायचं.

मी आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा कठडा धरला. पायाखाली काचेचा पूल, आणि पुलाच्या डोक्यावर, खाली, उजवीकडे, डावीकडे, सगळीकडे पृथ्वी. रंगीत काचेची, मागून उजेड असलेली. आपण पृथ्वीच्या पोटात. याला म्हणतात मॅपेरियम.

आकडे देते, कारण आकड्यांशिवाय भूगोलाच्या माणसाचं समाधान होत नाही. व्यास ३० फूट, म्हणजे तीन मजली उंची. काचेची तावदानं ६०८. जवळपास प्रत्येक तावदान १० अंश अक्षांश आणि १० अंश रेखांशाचा तुकडा, आणि ती बसवलेली ब्राँझची चौकट म्हणजेच अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं! आपण फळ्यावर जी जाळी आयुष्यभर हातानं काढली (आणि दरवेळी विषुववृत्त वाकडं आलं), ती इथे धातूची, तीच सगळ्या काचा पेलून धरते. चेस्टर लिंडसे चर्चिल नावाच्या वास्तुविशारदानं हे घडवलं आणि १९३५ साली ते लोकांसाठी खुलं झालं. न्यूयॉर्कच्या डेली न्यूजच्या इमारतीत प्रवेशाशीच मोठा फिरता पृथ्वीगोल आहे, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. पण त्या गोलाकडे लोक बाहेरून बघतात. या गड्यानं माणसांना आत घेतलं.

आता इथे थोडा वेळ थांबते, कारण मला जे तुम्हाला सांगायचंय त्यातलं अर्धं इथेच आहे.

आपण वर्गात पृथ्वीगोल दाखवतो तेव्हा मुलाला एका वेळी पृथ्वीचा अर्धा भागही धड दिसत नाही. समोरचा भाग फुगलेला, कडेचा आकसलेला. मागे काय आहे ते बघायचं तर गोल फिरवायचा, आणि तो फिरवला की पुढचं गेलं. म्हणून आपण नकाशा लावतो. नकाशात सगळं एकदम दिसतं, पण मापं बिघडतात. मर्केटर नावाच्या नकाशाकारानं १५६९ साली आपलं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत, केलं ते खलाशांसाठी, दिशा बिनचूक राहाव्यात म्हणून. आपण ते शाळेच्या भिंतीवर लावलं आणि पिढ्यान्पिढ्या मुलांना वाटत राहिलं की ग्रीनलंड आणि आफ्रिका साधारण सारखेच. खरं तर आफ्रिकेत जवळजवळ चौदा ग्रीनलंड बसतात. मी हे दरवर्षी सांगायची. मुलं वहीत लिहून घ्यायची आणि परत नकाशाकडे बघून ग्रीनलंडच मोठं मानायची. डोळ्यांपुढे शब्दांचं काय चालणार?

पुलाच्या मध्यावर उभं राहिलं की काय होतं बघा. तुमचा डोळा गोलाच्या केंद्राजवळ येतो. मग काचेवरची प्रत्येक जागा तुमच्यापासून सारख्याच अंतरावर, साधारण पंधरा फुटांवर. कडा नावाची गोष्टच उरत नाही. काही फुगत नाही, काही आकसत नाही. मान फिरवाल तिथे पृथ्वी आपल्या खऱ्या मापात हजर. माझ्या नवव्या वर्षातल्या नातवानं, ज्याचा भूगोल मी फोनवरून शिकवायचा प्रयत्न करते, वर बघून विचारलं, ‘आजी, ग्रीनलंड एवढंसंच?’ मी काही बोलले नाही. एकतीस वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते त्या काचेनं अर्ध्या मिनिटात केलं होतं.

मग मी डोकं वर करून उत्तर ध्रुवाकडे बघत राहिले. मान दुखेपर्यंत. भिंतीवरच्या नकाशात रशिया एका टोकाला आणि कॅनडा दुसऱ्या टोकाला. इथे ते दोघे आर्क्टिकच्या वाटीभोवती पंगतीला बसल्यासारखे समोरासमोर. जावयांना म्हटलं, मुंबईहून बॉस्टनला जवळचा रस्ता दाखवा. त्यांनी बोटानं अरबस्तान, उत्तर आफ्रिका, मग अटलांटिक असा आडवा हात फिरवला. अगदी भिंतीवरच्या नकाशातला रस्ता! मी म्हटलं, इथून दोरी ताणल्यासारखं बघा. मुंबई, रशिया, नॉर्वे-स्वीडन, आइसलँडचा दक्षिण किनारा, ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली बॉस्टन. बृहद्वृत्त, म्हणजे गोलावरचा जवळचा रस्ता ज्यावरून जातो ते मोठं वर्तुळ. परीक्षेत दोन मार्कांना येणारा शब्द. अंतर १२ हजार किलोमीटरच्या आसपास. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास १४ किलोमीटर, तेव्हा लेकीचं घर आणि माझं घर यांच्यात काचेवरून साधारण अठ्ठावीस फूट. आम्ही उभे होतो तो पूल ३० फुटांचा. म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत चाललं की लेकीकडे. हे मी मोठ्यानं बोलले नाही.

प्रमाणाचा नाद लागला की सुटत नाही. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर, इथे ती साडेसात फूट, छतापर्यंत गेलेल्या दारासारखी. आज आपण ज्याला महाराष्ट्र म्हणतो त्याची पूर्व-पश्चिम लांबी दोन फुटांना थोडी कमी. मुंबई ते पुणे नऊ सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. आणि एव्हरेस्ट उठावानं दाखवायचं म्हटलं असतं तर काचेवर सहा मिलिमीटरचा फोड आला असता, बस्स. तीन मजली पृथ्वीवर एव्हरेस्ट म्हणजे वाटाण्याएवढं! आपण पुठ्ठ्यावर लगद्याचा हिमालय करतो तेव्हा मुलांना हे सांगतो का? मी तरी नाही सांगितलं.

एक गोष्ट मात्र चालता चालता लक्षात आली आणि मी मनातल्या मनात हसले. दुकानाच्या काचेवर रंगवलेलं नाव आतून वाचलं तर उलटं दिसतं. मग खरी पृथ्वी काचेची असती आणि आपण तिच्या पोटात उभे असतो, तर तीही उलटीच दिसायला हवी. उत्तर वर, पण पूर्व डाव्या हाताला. मुंबई हिंदुस्थानच्या उजव्या अंगाला आणि कोलकाता डाव्या. मॅपेरियममध्ये तसं नाही. तिथे सगळं नेहमीच्या नकाशासारखं सरळ, पूर्व उजवीकडे. म्हणजे त्यांनी मुद्दाम पृथ्वीची आरशातली प्रतिमा घडवलीय, तेव्हा कुठे आतून बघणाऱ्याला ती सुलटी दिसते. बाहेरून कुणी तो गोल बघितला असता तर त्याला सगळी पृथ्वी उलटी सापडली असती. ही एवढी मोठी चलाखी, आणि माणसांना जाणवतही नाही. नववीच्या वर्गाला हा प्रश्न घाला. पहिल्या बाकावरची मुलं गोंधळतील आणि शेवटच्या बाकावरचं कुणीतरी पटकन उत्तर देईल, हे अनुभवानं सांगते.

आवाजाचं सांगायला हवं, नाहीतर विज्ञानाचे सर रागावतील. काच आवाज शोषत नाही आणि गोल भिंत तो परत फेकते. केंद्रात उभं राहून बोललं की सगळीकडून परतलेला आवाज पुन्हा केंद्रातच गोळा होतो. आपलाच आवाज आपल्या कानात कुणी दुसऱ्यानं बोलावा तसा येतो. मी ‘हॅलो’ म्हटलं आणि दचकून मागे पाहिलं. पुलाच्या दोन टोकांना दोघं उभी राहिली आणि एकानं कुजबुज केली तर दुसऱ्याला स्वच्छ ऐकू जातं, मधल्यांना पत्ताही लागत नाही. विजापूरच्या गोलघुमटाची सहल केलेल्यांना हे नवं नाही. नातू त्या टोकाला गेला आणि तिथून मला मराठीत काहीतरी पुटपुटला. काय ते सांगत नाही, आईनं नको म्हटलेल्या आइस्क्रीमबद्दल होतं.

आता उरलेलं अर्धं, म्हणजे माझा गुन्हा.

हा नकाशा १९३५चा आहे. आजचा नाही. काचेवर सयाम आहे, थायलंड नाही. फ्रेंच इंडोचायना आहे, व्हिएतनाम नाही. आफ्रिकेचा मोठा भाग युरोपातल्या पाच-सहा राजधान्यांच्या नावावर. सोव्हिएत संघ, मी ज्याला हातगाडीवर चढवलं तोच, इथे रुबाबात पसरलेला. इस्रायल नाही. आणि आपल्या बाजूला वळलं की मधली रेषच नाही. पंजाब सलग, बंगाल सलग. त्या वेळी ब्रह्मदेशही ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, १९३७च्या एप्रिलमध्ये तो वेगळा काढला. नातू म्हणाला, ‘इंडिया किती मोठा!’ त्याला काय सांगायचं, हे मी आजही ठरवलेलं नाही.

माझे सासरे कराचीत जन्मलेले. त्या काळी तिथे मराठी वस्ती होती, मराठी शाळा होती. ते सांगायचे, ‘आम्ही मुंबई इलाख्यातले,’ आणि आम्हाला वाटायचं म्हातारपणाचा घोळ. घोळ नव्हता. सिंध १९३६च्या एप्रिलपर्यंत मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे मॅपेरियम खुलं झालं तेव्हा कराची आणि सातारा एकाच इलाख्यात, आणि नागपूर मात्र दुसऱ्या प्रांतात, औरंगाबाद तर निजामाच्या राज्यात. मी काचेवर कराची शोधली. चष्मा असूनही एवढ्या लांबून बारीक अक्षरं लागेनात. पण आपल्याला अक्षरं कशाला लागतात? कच्छच्या वर, सिंधू समुद्राला मिळते तिथे, किनाऱ्याच्या त्या खोबणीत. बघत राहिले. सासरे जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या बोलण्याला पुरावा मिळाला तो सातासमुद्रापार, एका चर्चच्या शेजारी.

गाईडबाईंनी सांगितलं की तावदानं सुटी सुटी बसवली ती याचसाठी, की सरहद्द बदलली तर तेवढी काच काढून नवी घालता यावी. कल्पना चांगलीच होती. पण मग दुसरं महायुद्ध आलं, साम्राज्यं कोसळली, देशांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवता ठेवता कारागिरांची दमछाक झाली असती. शेवटी ठरलं की बदलायचं नाही, आहे ते तसंच ठेवायचं. आज त्या गोलाची जी किंमत आहे ती त्या न बदलण्यामुळे. २००२मध्ये ग्रंथालय झालं तेव्हा डागडुजी केली, जुन्या ३०० दिव्यांच्या जागी नवे एलईडी आले, ते रंग बदलतात, त्यांचा एक खेळही दाखवतात. सीमारेषांना हात लावला नाही.

मला त्यात सगळ्यात भिडलं ते दोन ठिकाणी. एक, इथियोपिया. १९३५च्या मध्याला आफ्रिकेत युरोपियनांच्या ताब्यात नसलेल्या मोजक्या देशांपैकी तो एक. काचा बसवून पुऱ्या झाल्या, लोक बघायला येऊ लागले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इटलीनं त्यावर चाल केली. नकाशाच्या उद्घाटनाचा रंग वाळायच्या आत नकाशा जुना! दुसरं, बाल्टिकच्या काठावरचे तीन लहान देश. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया. १९३५मध्ये स्वतंत्र. १९४०मध्ये सोव्हिएत संघानं गिळले. १९९१मध्ये पुन्हा स्वतंत्र. म्हणजे ती तावदानं आधी बरोबर होती, मग पन्नास वर्षं चुकीची ठरली, आणि कुणी हात न लावता पुन्हा बरोबर झाली. मी रद्दीत दिलेल्या गोलावर त्या तीन देशांची नावं सोव्हिएत रंगाखाली बारीक अक्षरात होती. मी ती मुलांना कधी दाखवली नव्हती. नव्या गोलावर ती ठळक झाली तेव्हा ‘हे नवीन देश’ म्हणून शिकवली. नवीन! नव्वदच्या दशकातल्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांची मी या पत्रातून माफी मागते.

जुना आणि नवा, असे दोन्ही गोल टेबलावर शेजारी ठेवले असते तर त्या वर्षी मला सोव्हिएत संघाच्या विघटनावर एक शब्द बोलावा लागला नसता. मुलांनी स्वतः पंधरा देश मोजले असते. पण रजिस्टर भरायची घाई.

म्हणून पहिली विनंती. तुमच्या शाळेच्या कपाटावर, जिन्याखाली, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या गोदरेजच्या मागे गुंडाळून ठेवलेले जुने नकाशे असतील. एखाद्यावर तेलंगण नसेल. एखाद्यावर झारखंड, छत्तीसगड नसतील, म्हणजे तो २०००च्या आधीचा. एखाद्यावर जम्मू-काश्मीर अजून राज्य असेल, म्हणजे २०१९च्या आधीचा. नशीब असेल तर कापडी पाठीचा, महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र असलेला द्विभाषिक मुंबई राज्याचा सापडेल, १९५६ ते ६०च्या मधला. त्यांच्यावर ‘कालबाह्य’ असा शेरा मारू नका. नव्याच्या शेजारी खिळा ठोका आणि टांगा. खाली साल लिहा. परीक्षेला कुठला धरायचा हा गोंधळ होईल म्हणाल, तर परीक्षेच्या दिवशी पाठ फिरवून टांगा.

दुसरी विनंती जरा वेगळी आहे. तुमच्यापैकी कुणी बॉस्टनला मुलांकडे गेलात तर मॅपेरियम बघाच. वीस मिनिटांचं काम आहे, जिना-बिना चढायचा त्रास नाही. पण सगळ्यांना कुठलं बॉस्टन? आणि पृथ्वीच्या पोटात शिरायची हौस काही फक्त त्यांचीच नाही. इतिहासाच्या बाईंसाठी सांगते, लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरला जेम्स वायल्ड नावाच्या नकाशेवाल्यानं १८५१ साली साठ फूट व्यासाचा गोल उभारला होता. आतून प्लास्टरचे डोंगर-दऱ्या, गॅसचे दिवे, आणि जिन्यांवरून वर वर चढत जग बघायचं. वर पोचेपर्यंत गॅसच्या उष्णतेनं माणसं घामाघूम. अकरा वर्षांत तो गोल मोडीत निघाला. आपल्याला एवढा खटाटोप करायचा नाही. आपल्याकडे छत्री आहे.

हो, छत्री. लेकीच्या घरी पावसाचे दिवस होते, दारात काळी छत्री वाळत पडली होती, आणि मला एकदम सुचलं. आठ काड्यांची मोठी छत्री घ्या. प्रत्येक काडी म्हणजे रेखावृत्त, दोन काड्यांमध्ये ४५ अंश, म्हणजे तीन तासांचा फरक. दांडा जिथे कापडाला मिळतो तो उत्तर ध्रुव. छत्री पुरती अर्धगोल नसते, त्यामुळे कापडाची कडा विषुववृत्त धरायची ती मानलेली, आणि हे मुलांना आधीच सांगून टाकायचं. आतल्या बाजूनं खडूनं काढायला सुरुवात करा. एका काडीला मूळ रेखावृत्त म्हणा, समोरची आपोआप १८० अंशांची, वाररेषेच्या आसपासची. ग्रीनिच पहिल्या काडीवर, हिंदुस्थान दुसरी आणि तिसरी काडी यांच्या मध्ये आणि काठाला येतो. छत्री डोक्यावर धरून समोर बघत काढायचं आणि पूर्व उजव्या हाताला ठेवायची, मॅपेरियमवाल्यांसारखी. मग छत्री धरलेल्या मुलानं वर बघायचं.

आम्ही नातवाबरोबर ती केली. रशिया काढता काढता खडू संपला, कॅनडा रांगोळीनं भरला. ग्रीनलंड त्यानं स्वतः काढलं, नखाएवढं, जरा जास्तच लहान, पण मी सुधारलं नाही. लेक म्हणाली, ‘आई, माझी ऑफिसची छत्री!’ दुसऱ्या दिवशी ती तीच घेऊन गेली. पावसात खडू धुऊन गेला, बाल्टिकची रांगोळी तेवढी काडीला चिकटून राहिली.

छत्री काळीच घ्या. रंगीत छत्रीवर खडू दिसत नाही, आणि घडीच्या छत्रीच्या काड्या मध्येच मोडतात, तिच्यावर रेखावृत्तं सरळ येत नाहीत. दांडा लाकडी असेल तर उत्तम, मुलांना धरायला बरा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका